हापूस ऑनलाइन विकायचा तर मोहोरापासून सुरुवात करा

आमची हापूसची कलमं रत्नागिरीतल्या पावस गावाजवळ. वाशी मार्केटला माल पाठवला की भाव तिथे ठरतो, आडत-हमाली वजा होते आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात आल्यावर आपल्याला आकडा कळतो. म्हणून घरची थेट विक्री मी बघते. नव्याने सुरू करणाऱ्या बागायतदारांना माझं पहिलं सांगणं हेच: पेट्या भरायला घेतल्यावर जाहिरात सुरू करू नका. तोवर मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन 'अस्सल हापूस'च्या पोस्टींनी भरलेला असतो. त्यात त्याने तुम्हालाच का निवडावं?

ते कारण त्याला डिसेंबर-जानेवारीपासून दिसू द्या. मोहोर कसा आलाय, तुडतुड्यांसाठी फवारणी कधी केली, थंडी लांबली तर काढणी किती मागे जाईल, वाटाण्याएवढ्या कैरीची गोटीएवढी कधी झाली. इन्स्टाग्रामवर आठवड्याला एक रील पुरे. मोबाइल उभा धरा, सकाळच्या उजेडात, आणि बोलणारं माणूस घरचंच असू दे. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोलणं मराठीत अक्षरांतही द्या. नमस्कार नंतर करा. सुरुवातीलाच झेल्यात, म्हणजे काठीला जाळी लावलेल्या काढणीच्या साधनात, उतरणारा आंबा दिसला पाहिजे. देठ ठेवून का काढतो तेही सांगा: चीक सालीवर ओघळत नाही, डाग पडत नाहीत. कार्बाइडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे, हे बहुतेक गिऱ्हाइकांनी ऐकलेलं असतं; त्यांना तुमची आढी, म्हणजे पेंढ्यात पिकायला रचलेले आंबे, दाखवा.

साका या फळातल्या दोषाबद्दल मात्र आपण होऊन बोला. बाहेरून देखणं फळ आत पांढरट, स्पंजासारखं निघतं आणि कापल्याशिवाय कळत नाही. हे लपवणारा विक्रेता एकाच हंगामाचा. तुमचा नियम आधीच लिहून पोस्ट वर पिन करा: कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत. कुणी कमेंटमध्ये तक्रार केली तर ती पुसू नका, तिथेच सगळ्यांसमोर उत्तर द्या. अशा उत्तरावरून नवी गिऱ्हाइकं येतात, असा माझा अनुभव आहे.

हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते नाव वापरायला बागायतदाराने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची असते. ती करा आणि प्रमाणपत्र प्रोफाइलवर लावा.

रीलवर ओळख होते; ऑर्डर येते व्हॉट्सॲपवर. व्हॉट्सॲप बिझनेस ॲप फुकट आहे. कॅटलॉगमध्ये डझन, फळाचं साधारण वजन आणि घरपोच भाव स्पष्ट लिहा. 'भावासाठी मेसेज करा' असं लिहिलंत की निम्मे लोक पुढेच निघून जातात. 'पैसे यायचेत', 'पैसे आले', 'पेटी निघाली' अशी लेबलं लावली की एप्रिलच्या धावपळीत घोळ होत नाही. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना धाडलेला, मेसेज मात्र तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो, म्हणून पहिल्या ऑर्डरलाच नंबर सेव्ह करायला सांगा.

पैसे भरून जाहिरात करायची तर पेटी दुसऱ्या दिवशी पोचेल तेवढीच शहरं निवडा. आणि जूनमध्ये पाऊस लागला की पेटीवाल्या प्रत्येकाला विचारा, आंबा कसा होता. जो खुश असेल त्याला गूगलवर चार ओळी लिहायची विनंती करा, बागेच्या नावाची लिंक सोबत पाठवूनच.