गाडीचा पिकअप अचानक गेला तर

मुंबईत कोस्टल रोडच्या बोगद्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी ओढेचना. आवाज तोच, पण काटा ३,००० आरपीएमच्या वर सरकेना, आणि मागे टॅक्सीवाल्याचा हॉर्न. स्पोर्ट्स कारवाल्याला याहून मोठी नामुष्की नाही. तरी बोगद्यात थांबू नका, इंडिकेटर देत डावीकडून बाहेर पडा. अपवाद लुकलुकणाऱ्या चेक इंजिन दिव्याचा. तो मिसफायर सांगतो, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट जळत नाही. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो वितळू शकतो. तेव्हा पहिल्या सुरक्षित जागी इंजिन बंद करून टोइंग बोलवा. ऑइलचा लाल दिवा लागला तरी हेच.

आता आरपीएम आणि वेग सोबत पाहा. आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही? मग क्लच घसरतोय, इंजिनाला बोल लावू नका. एकाच चाकाजवळ हात नेल्यावर जास्त धग लागली तर ब्रेक चिकटलाय.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत नसून स्थिर असेल तर गाडी बंद करून काही मिनिटांनी पुन्हा चालू करा. ताकद परतली तर तो लिंप मोड, म्हणजे ईसीयूने, इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने, इंजिन वाचवायला स्वतःच लगाम खेचला होता. दुखणं मात्र तिथंच आहे. बॅटरीची वायर काढू नका, ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसले जातील. स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावा आणि कोड आधी लिहून घ्या. गॅरेजवाले पुसून मोकळे होतात.

पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी. मी हा कोड न वाचताच चार नवे प्लग घातले होते! दोष निघाला टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपात. वरून जागेवर दिसत होता. गार इंजिनात खालून हात घातला तर पाइप क्लिपमधून अर्धा निसटलेला आणि बोटांना तेलाचा काळा ओशटपणा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून क्लिप आणली, काम झालं.

पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर. इंजिन बंद करून त्याची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, दुसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरच्या कॉइलशी अदलाबदल करा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली. तिथंच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. तो आला तर हवेची गळती, घाण झालेला एअरफ्लो सेन्सर किंवा दमलेला फ्युएल पंप. पावसाळ्यात मी आधी एअर फिल्टर उघडतो. स्पोर्ट्स कार खुज्या, हवा घ्यायचं तोंड बऱ्याचदा खाली, आणि दादरच्या हिंदमाताला पावसात तुंबणारं पाणी तुमच्या ओळखीचं आहेच. फिल्टर नुसता ओला असेल तर बदला. पाण्यात इंजिन बंदच पडलं असेल तर सेल्फ अजिबात मारू नका, सिलिंडरात पाणी गेलं असेल तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

कोडच नाही? भार पडल्यावर फ्युएलचा दाब किती राहतो आणि कन्व्हर्टर तुंबलाय का, हे गॅरेजमध्ये मोजून घ्या.

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर वेगमर्यादेत, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी खेचून पाहा. स्कॅनर लावलेलाच ठेवा, पण तो वाचायला शेजारी कोणीतरी बसवा.