भाजीतील कीटकनाशकांचे अंश: धुण्यापासून तपासणीपर्यंत

फवारणीचा जो अंश केवळ पृष्ठभागावर असतो, तो भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्यास बराच कमी होतो. आंतरप्रवाही औषध मात्र पेशींत शिरलेले असल्यामुळे मीठ, हळद वा साबण यांपैकी कशानेही पूर्ण निघत नाही, आणि साबण तर खाद्यपदार्थांना लावूच नये. कोबीची बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकावीत. फ्लॉवरचे तुरे सुटे करून मगच धुवावेत, कारण अखंड गड्ड्याच्या बेचक्यांत पाणी नीट पोहोचत नाही.

तरीही शंका उरली, तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधील कलम ४० चा आधार घ्यावा. हे कलम फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यानुसार कोणताही खरेदीदार ठरलेले शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून (कायद्याखाली नेमलेल्या अन्न-तपासनीसाकडून) पदार्थ तपासून घेऊ शकतो, मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. म्हणून आधी हेतू सांगावा, पावती मागून घ्यावी आणि मगच नमुना द्यावा. अहवालात नियमभंग आढळल्यास शुल्क परत मिळते व पुढील कारवाईसाठी अहवाल पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (त्या भागातील अन्न सुरक्षेच्या प्रमुखाकडे) जातो. हा कायदा शेतकऱ्याला लागू नाही. शेतातील वापराचे नियमन कीटकनाशके अधिनियम, १९६८ खाली होते.

गच्चीवरील बागेत स्वतः फवारणी करणाऱ्यांनी डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा: लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, निळा, हिरवा. लेबलवर दिलेला प्रतीक्षा कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी व काढणी यांत ठेवायचे दिवस, संपेपर्यंत काढणी करू नये.