या चुका टाळा : कॉम्प्युटर बिघडला की लगेच फॉरमॅट मारू नका

मशीन अडलं की कोल्हापुरात पहिला सल्ला ठरलेला : "फॉरमॅट मार भावा." हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्याचे परिणाम दुसऱ्याला निस्तरावे लागतात.

शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडतीवर ऐन हंगामात बँकेची साइट उघडेना. जिथं जावं तिथं कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा. ओळखीतल्या एका पोरानं व्हायरस ठरवून सी ड्राइव्ह पुसला आणि विंडोज नव्यानं टाकलं. हिशोब त्याच ड्राइव्हवर होता, तो गेला. साइट काही उघडली नाहीच. मशीन माझ्याकडं आलं तेव्हा मी आधी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघितली. ती काही वर्षं मागची होती. मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डवरचा, सीआर २०३२ सेल ३ व्होल्टचा असतो. मीटरवर तो २ व्होल्टसुद्धा दाखवेना. अडतीवर रात्री मेन स्विच बंद करतात, तेव्हा आतलं घड्याळ या सेलवरच चालतं. सेल संपला की तारीख मागं जाते. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्याला, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची मुदत असते, त्यामुळं जुन्या तारखेच्या मशीनला ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं वाटतं. सेल बदलला, तारीख लावली, साइट उघडली. हिशोब मात्र दिवाणजींना हिशोबाच्या कागदी पट्ट्या काढून पुन्हा भरत बसावं लागलं. किरकोळ किमतीच्या सेलपायी! म्हणून माझ्याकडं आधी तारीख बघायची, मग डेटाची कॉपी घ्यायची, आणि त्यानंतरच बाकीचं.

दुसरी चूक : रीस्टार्ट केलं का विचारलं तर "बंद करून चालू केलं की" म्हणणं. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून त्यात फास्ट स्टार्टअप आहे. शट डाउन केलं की विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी जोडलेली यंत्रं चालवणारे प्रोग्राम) ज्या अवस्थेत असतील तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत मेमरीत येतात. अडकलेला प्रिंटरचा ड्रायव्हरही तसाच अडकलेला येतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं लोड होतं, म्हणून तिथं गुण येतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयूचा अप टाइम बघा. रोज बंद होणारं मशीन कित्येक दिवस चालू असल्याचं तिथं दिसतं. बंदच करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा.

पावसाळ्यात बीप वाजते आणि स्क्रीन काळीच राहते. इथल्या दमट हवेत रॅमच्या, म्हणजे स्लॉटमध्ये बसणाऱ्या मेमरीच्या, सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटमध्ये बारीक थर धरतो. रॅम काढून पुन्हा बसवताना पट्टी स्लॉटच्या पिनांवर घासते आणि तो थर निघतो, एवढंच काय ते. खोडरबर घेऊन कचाकचा घासायची गरज बहुतेक वेळा नसते. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. रॅमला हात लावायच्या आधी केबल काढा आणि पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जातो. लॅपटॉप असेल तर बॅटरीही सोडवा.

तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे कण आत जातात.

उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, मशीन असेल तर धूळ महिन्याला काढा. त्या धुळीत लोखंडाचा कीस असतो आणि त्यातून करंट वाहतो.

एकच उपाय दर आठवड्याला करावा लागत असेल तर बिघाड आतच आहे. रीस्टार्टनं तात्पुरतं चालतंय म्हणून गप्प बसू नका. कधी, काय करताना अडलं ते वहीत लिहा. नुसती तक्रार घेऊन येणाऱ्यापेक्षा वही घेऊन येणाऱ्याचं काम माझ्याकडं लवकर होतं.

आणि हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर रीस्टार्टच्या नादाला लागू नका. प्रत्येक वेळी चालू करताना ती आणखी खराब होऊ शकते. मशीन बंद करा, केबल काढा आणि डेटा काढून देणाऱ्याकडं तशीच न्या.