धंद्यासाठी डोमेन नाव घेताय? आधी फोनवर सांगून बघा

वेबसाइट काढायची म्हटलं की लोक लोगो, रंग, फोटो यात आठवडे घालवतात आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, शेवटी घाईघाईत जे मिळेल ते घेऊन टाकतात. खरं तर उलटं पाहिजे, कारण डिझाइन कधीही बदलता येतं, पण डोमेन बदललं की बोर्ड, बिलबुक, पिशव्या, गूगलवरची नोंद, सगळं परत करत बसा.

माझ्या मते बघायचं एकच, नाव फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याला स्पेलिंग न विचारता टाइप करता आलं पाहिजे. आणि आपला सगळा घोळ इथेच होतो कारण नाव मराठी आणि टाइप करायचं इंग्रजी अक्षरात. समजा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे आणि नाव सुचलं 'झणझणीत'. ऐकायला एक नंबर. पण झ साठी कोणी नुसता झेड लावणार, कोणी झेड-एच, कोणी जे-एच, शेवटच्या णी ला कोणी आय तर कोणी डबल ई, म्हणजे सहा स्पेलिंग झाली की हो, आणि सहाही विकत घेऊन दरवर्षी रिन्यू कोण करणार? 'श्री'चं तेच, 'लक्ष्मी'त एक्स घालायचा की के-एस-एच हेही तेच. ज्ञ असेल तर आपण डी-एन-वाय लिहितो आणि महाराष्ट्राबाहेरचा माणूस जी-वाय. व ला व्ही की डब्ल्यू यावर तर एका घरातल्या दोन भावांची आडनावं वेगळी लिहिलेली असतात.

म्हणून शक्यतो असे शब्द घ्या ज्यांचं स्पेलिंग लोकांच्या डोळ्यात आधीच बसलंय. जोशी, कुलकर्णी, सातारा, पुणे यात कोणी चुकत नाही. 'गोडा' सारखा छोटा शब्दही चालतो, चार अक्षरं, डोकं लावायला जागाच नाही. तरी खात्री करायची असेल तर ओळखीच्या सात-आठ जणांना व्हॉइस मेसेज टाका, आत्या, भाचा, दुकानातला पोरगा, सगळे पाहिजेत, आणि सांगा की हे नाव इंग्रजीत टाइप करून पाठवा. जास्त जणांनी जे स्पेलिंग पाठवलं तेच घ्यायचं, तुम्हाला शुद्ध वाटतं ते राहू दे बाजूला.

गावाचं नाव घालायचं का? डबा, क्लास, एसी रिपेअर असं गावापुरतं काम असेल तर जरूर घाला. पण उद्या बाहेर माल पाठवायचाय तर विचार करा, आणि गावांची नावंही बदलतात, 2024 ला अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, आता जुन्या नावाची डोमेनं घेऊन बसलेल्यांना विचारा.

दोन शब्द जोडताना सांधा बघा. 'पापड' आणि 'डबा' जोडलं की मधे दोन डी येतात आणि लोक एक खातात. सलग वाचूनही बघा, पेणमध्ये धंदा असेल तर पुढचा शब्द आय-एस ने सुरू होणार नाही एवढं सांभाळा, का ते इंग्रजीत लिहिल्यावर कळेल. डॅश आणि आकडे टाळा, फोनवर डॅशला कोणी मायनस म्हणतं कोणी आडवी रेघ, आणि 7 म्हटलं की समोरचा विचारतो आकडा की अक्षरात. अंडरस्कोर तर चालतच नाही. कॅपिटल-स्मॉलने काही फरक पडत नाही.

शेपूट कुठलं? डॉट कॉम मिळत असेल तर घ्या, नाहीतर डॉट इन एकदम ठीक आहे, गिऱ्हाईक भारतातलंच आहे ना. परवडलं तर दोन्ही. डॉट को मात्र नको, ते मुळात कोलंबिया देशाचं आहे, आणि लोक सवयीने पुढे एम लावतात मग तुमची ऑर्डरची मेल तिसऱ्याच माणसाकडे. देवनागरीतलं डॉट भारत 2014 पासून मिळतं, बोर्डावर छान दिसतं, पण कॉपी-पेस्ट केलं की बऱ्याचदा एक्स-एन डॅश डॅश ने सुरू होणारी अगम्य लिंक होते आणि काही वेबसाइटचे फॉर्म तसला ईमेल पत्ता घेतच नाहीत, त्यामुळे हौस म्हणून जोडीला घ्या, मुख्य नको.

नाव पक्कं करायच्या आधी सरकारच्या ट्रेडमार्क साइटवर सर्च मारा, फुकट आहे. डोमेन रिकामं मिळालं म्हणजे नाव आपलं झालं असं नसतं, सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या केसमध्ये 2004 साली सुप्रीम कोर्टाने डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं असं सांगितलंय.

आता विकत घेताना. पहिल्या वर्षाची ऑफर बघून भुलू नका, रिन्युअलचा रेट बघा आणि वर 18 टक्के जीएसटी धरा. वेबसाइट बनवणारा पोरगा म्हणेल मीच घेतो तुमच्यासाठी, त्याला नम्रपणे नाही म्हणा, अकाउंट, ईमेल, मोबाइल नंबर तुमचाच पाहिजे, कारण नाव ज्याच्या नावावर मालक तो, उद्या त्याने फोन उचलणं बंद केलं तर तुम्ही अडकलात. ऑटो रिन्यू चालू ठेवा पण कार्ड एक्स्पायर झालं की तेही फेल जातं, तेव्हा कॅलेंडरवर महिनाभर आधीची तारीख लावा. डॉट कॉमची मुदत संपून ते रिडेम्प्शनमध्ये (नाव सोडवून घ्यायच्या शेवटच्या मुदतीत) गेलं की परत मिळवायला 30 दिवस असतात पण तेव्हा रिन्युअलच्या कितीतरी पट दंड लागतो, आणि तेही गेले की अजून 5 दिवसांनी नाव सगळ्यांसाठी मोकळं.