जिओकेमिस्ट्रीतली रिसर्चची बातमी वाचून पीएचडी-पोस्टडॉकची जागा कशी शोधायची

"रोज सायन्सच्या बातम्या वाच, ओळखी वाढव, शंभर प्रोफेसरांना मेल टाक, एक तरी लागेल." एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी हा सल्ला मला किमान दहा जणांनी दिला असेल, आणि आता माझ्याकडे विचारायला येणारी मुलंही तोच ऐकून आलेली असतात. हा सल्ला चुकीचा आहे. मी साठच्या वर मेल टाकले होते, नाव बदलून तोच मजकूर, "मला जिओकेमिस्ट्रीची अतिशय आवड आहे" वगैरे (जिओकेमिस्ट्री म्हणजे खडक, माती, पाणी यांचं रसायनशास्त्र). उत्तरं आली दोन, दोन्हीत "सध्या जागा नाही". पुढे पीएचडी आणि दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या ठरावीक काळाच्या रिसर्चच्या जागा) मिळाले ते सगळे मिळून बारा-तेरा मेलमध्ये. तोपर्यंत मी बातमीवरून पेपरवर, पेपरवरून त्याच्या डेटाच्या टेबलवर जायला शिकले होते आणि तिथला एक प्रश्न घेऊन लिहायला लागले होते. तेच खाली सांगतेय. सीव्ही, ट्रान्सक्रिप्ट, रेफरन्स देणारी माणसं हे सगळं तयार आहे असं धरून चालते.

पायरी १: बातमी निवडा, पण मशीनच्या नजरेने

बातमीत "काय सापडलं" ते असतं, तुम्हाला "कशाने मोजलं" ते हवंय, कारण जागा मोजणाऱ्याला मिळते. उदाहरण घ्या. ओसायरिस-रेक्स यानाने २०२३ मध्ये बेन्नू लघुग्रहावरून १२१.६ ग्रॅम माती आणली, त्याआधी २०२० मध्ये जपानच्या हायाबुसा-२ यानाने रयुगू लघुग्रहावरून आणलेली जेमतेम ५.४ ग्रॅम होती, आणि २०२४ मध्ये चीनच्या चांग'ई-६ यानाने चंद्राच्या पलीकडच्या बाजूचा १९३५.३ ग्रॅम माल आणला. हे आकडे वाचून सगळे खूश होतात, पण त्यातून कळायचं ते हे की माल मोजका आहे, त्यातला बराचसा पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवलेला असतो आणि वाट्याला येतो तो चिमूटभर. म्हणजे चिमटीत मावणाऱ्या सॅम्पलमधून भरवशाचा आयसोटोप रेशो (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचं प्रमाण) काढता येणारा माणूस ज्या लॅबला हवाय तिथे पुढची कित्येक वर्षं काम आहे.

आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पाचंही तसंच. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त खनिजरूप झाला, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. पण जमिनीखाली गेलेला वायू दगड झाला हे कळलं कसं? ट्रेसर (वायूचा माग दाखवणारी खुणेची द्रव्यं) सोडून, विहिरींतलं पाणी परत परत तपासून. ते तपासणारे लोक आज विद्यापीठांनाही हवेत आणि कंपन्यांनाही.

पायरी २: प्रेसनोट बाजूला ठेवून मूळ पेपर उघडा

२०२४ मधली "डार्क ऑक्सिजन"ची बातमी आठवते? समुद्रतळावरचे धातूंचे गोळे अंधारात ऑक्सिजन तयार करतात म्हणे. पेपरमध्ये गोळ्यांच्या पृष्ठभागावर मोजलेलं जास्तीत जास्त व्होल्टेज ०.९५ च्या आसपास आहे आणि पाण्याचं विघटन व्हायला प्रमाणित परिस्थितीत किमान १.२३ व्होल्ट लागतं. लेखकांनी गोळे एकत्र आल्यावर व्होल्टेज वाढत असेल असं सुचवलंय, इतरांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतलेत. बातमी वाचणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, पेपर वाचणाऱ्याला वीस मिनिटांत दिसतं.

पायरी ३: पेपर शेवटाकडून वाचा

आधी लेखकांच्या कामाची वाटणी बघा, म्हणजे मोजमाप प्रत्यक्षात कोणी केलं ते कळतं, बऱ्याचदा तो पोस्टडॉक किंवा पीएचडीचा विद्यार्थी असतो आणि लॅबबद्दलची खरी माहिती प्रोफेसरपेक्षा त्याच्याकडून मिळते. मग आभारांमध्ये ग्रँटचा नंबर असतो तो उचला. युरोपियन युनियनच्या पैशांवर चालणारे प्रोजेक्ट कॉर्डिस या डेटाबेसमध्ये सापडतात, अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे त्यांच्या अवॉर्ड सर्चमध्ये, दोन्ही सगळ्यांना खुले. तिथे सुरू झाल्याची आणि संपायची तारीख असते. पाच वर्षांच्या ग्रँटचं पहिलं-दुसरं वर्ष चालू असेल तर माणसं घेतली जातायत, शेवटचं असेल तर तिथे लिहून आत्ता तरी फारसा उपयोग नाही. मी पहिल्या साठ मेलपैकी एकाच्याही वेळी हे बघितलं नव्हतं.

पायरी ४: सप्लिमेंटरी टेबल, आणि त्यातून एक प्रश्न

इथेच सगळे अडकतात, मीही वर्षभर अडकले होते, म्हणून इथे वेळ घालवते.

पेपरसोबत सप्लिमेंटरी म्हणून डेटाची एक एक्सेल फाइल असते, जी सहसा कोणी उघडत नाही. ती उघडा. सॅम्पलच्या आकड्यांकडे लगेच जाऊ नका, खाली किंवा वेगळ्या शीटवर स्टँडर्ड (ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना), ब्लँक (त्याचं पुढे सांगते) आणि रिपीट (तेच सॅम्पल परत मोजलेलं) असतात ते आधी बघा. स्ट्रॉन्शियमचा डेटा असेल तर एसआरएम ९८७ नावाचं स्टँडर्ड असणारच, त्याचा स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ यांचा रेशो ०.७१०२५ च्या आसपास यायला हवा. यांचा किती आला? किती वेळा मोजला? बीसीआर-२ किंवा बीएचव्हीओ-२ सारखी, रचना आधीच माहीत असलेली दगडाची पावडर सॅम्पलसोबत ॲसिडपासून कॉलमपर्यंत (मूलद्रव्यं वेगळी करणारी रेझिन भरलेली नळी) सगळ्यातून नेली होती का, की नुसतं तयार द्रावण मशीनमध्ये घातलं? हा फरक मोठा आहे, कारण ८७ वस्तुमानाचं रुबिडियमही असतं आणि नेहमीच्या मास स्पेक्ट्रोमीटरला (अणू वस्तुमानाप्रमाणे वेगळे करून मोजणारं मशीन) रुबिडियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८७ वेगळे दिसत नाहीत, ते कॉलममध्ये रेझिनवर आधीच वेगळे करावे लागतात, आणि ते नीट झालं की नाही हे तयार द्रावण सांगू शकत नाही. लोखंड मोजत असाल तर मशीनच्या प्लाझ्मातला (सॅम्पलचे अणू विद्युतभारित करणाऱ्या तापलेल्या वायूतला) आर्गॉन-४० आणि ऑक्सिजन-१६ मिळून ५६ होतात आणि लोखंड-५६ च्या जागेवर येऊन बसतात. पेपर यातून कसा सुटला ते शोधा.

आणि ब्लँक. ब्लँक म्हणजे सॅम्पल न घालता सगळी प्रक्रिया केली तर ॲसिड, हवा, भांडी, तुमचे हात यांतून किती घाण आली तो आकडा. जिओकेमिस्ट क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं छापलं त्याच्यामागे कित्येक वर्षं लॅबमधलं शिसं हटवण्यात गेली होती, कारण वय तो शिशाच्या आयसोटोपवरूनच काढत होता. माझ्या पहिल्या मोठ्या इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न होता, "तुमच्या एमएस्सीच्या डेटाचा ब्लँक किती होता?" मला माहीत नव्हता. सॅम्पल दुसऱ्या लॅबला पाठवले होते आणि एक्सेल शीट आली होती, तीच मी "माझा डेटा" म्हणून दाखवत होते. ती जागा गेली. त्यामुळे सांगते, हाताने केलंय आणि नुसतं बघितलंय यातला फरक सीव्हीत स्वतःहून लिहा, नुसतं बघितलेलं असलं तरी चालतं, लपवलेलं चालत नाही.

आता प्रश्न कसा निघतो ते दाखवते. ज्वालामुखीच्या खडकांवरचा एक पेपर होता, त्याचं टेबल मी प्रिंट काढून पेन्सिलने वाचत होते. स्टँडर्डची सतरा रीडिंग तारखेप्रमाणे लावलेली होती, पहिली नऊ आणि पुढची आठ यांच्यात पाचव्या दशांशस्थळावर पायरी पडल्यासारखा फरक होता, मधे तीन आठवड्यांचं अंतर. म्हणजे मशीन मधे बंद झालं असेल किंवा काही बदललं असेल. सॅम्पलमधले ज्या फरकांवर पेपरची चर्चा उभी होती ते चौथ्या दशांशावर होते, म्हणजे निष्कर्षाला धक्का नव्हता, पण स्टँडर्डवरून सॅम्पलच्या आकड्यांची दुरुस्ती प्रत्येक सेशनची (मशीनवरच्या एका खेपेची) वेगळी केली की सगळ्या रीडिंगची सरासरी काढून केली हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी तेवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, "सेशनप्रमाणे केलीय, टेबलखाली लिहायचं राहिलं, तुम्ही सध्या काय करता?" जागा तेव्हा नव्हती. पाच महिन्यांनी ग्रँट आली तेव्हा त्यांनी स्वतःहून लिहिलं.

मेलचा सांगाडा चार वाक्यांचा. पहिलं: "तुमच्या अमुक पेपरच्या टेबल तीनमधली स्टँडर्डची रीडिंग बघत होते, दोन सेशनमध्ये थोडा फरक दिसतो, दुरुस्ती सेशनप्रमाणे केली होती का?" दुसरं: "मी हाताने अमुक इतकी कॉलम केमिस्ट्री केलीय, मशीन चालवताना फक्त बघितलंय." तिसरं: "माझी डिग्री अमुक महिन्यात पूर्ण होईल आणि पीएचडीसाठी जागा शोधतेय." चौथं: "तुमच्या अमुक प्रोजेक्टमध्ये पुढच्या वर्षी कोणाला घेणार आहात का?" संपलं. मेल फोनच्या स्क्रीनवर न सरकवता वाचता आला पाहिजे.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नका. "तुमच्या टेबलमध्ये चूक आहे" असं लिहू नका. मी एकदा लिहिलं होतं, उत्तर आलं नाही, आणि स्वतः मशीनवर बसायला लागल्यावर कळलं की ती चूक नव्हतीच, मला एक करेक्शन माहीत नव्हतं. विचारा, ठरवू नका. दुसरं, ज्याचं उत्तर मेथड्सच्या भागात आहे ते विचारू नका, पेपर वाचलाच नाही हे एका ओळीत उघडं पडतं. चॅटबॉटकडून मेल लिहून घेणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे, गुळगुळीत मजकूर समोरच्याने त्या आठवड्यात पंधरा वेळा वाचलेला असतो, तुमचं इंग्रजी अडखळलं तरी चालेल पण प्रश्न तुमचा असू दे.

दोन आठवड्यांनी एक आठवण पाठवा, मग थांबा.

पायरी ५: स्वतःचा डेटा नसेल तर

जिओरॉक, पेटडीबी आणि अर्थकेम हे खडकांच्या रासायनिक विश्लेषणाचे डेटाबेस फुकट आहेत. त्यातून एका ठिकाणचा डेटा घ्या, पेपरमधला एक ग्राफ स्वतः परत काढा, जुळला नाही तर का नाही ते लिहा. इंटरव्ह्यूत दाखवायला हे पान सर्टिफिकेटांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त कामाला येतं.

पायरी ६: गोल्डश्मिटला जा

जिओकेमिस्ट्रीची सगळ्यात मोठी वार्षिक परिषद हीच, जिओकेमिकल सोसायटी आणि युरोपियन असोसिएशन ऑफ जिओकेमिस्ट्री मिळून भरवतात, २०२४ मध्ये शिकागोला झाली, २०२५ मध्ये प्रागला. ॲबस्ट्रॅक्टची मुदत परिषदेच्या कित्येक महिने आधी संपते, विद्यार्थ्यांच्या मदतीच्या योजनांची तारीख वेगळी असते, ती आधी बघा. भाषणापेक्षा पोस्टर मागा. भाषण पंधरा मिनिटांत संपतं, पोस्टरपुढे ज्यांना तुम्ही मेल केलाय ते येऊन निवांत उभे राहतात.

पायरी ७: जाहिराती आणि अटी

युरोपातल्या जागांसाठी युराक्सेस हे रिसर्चच्या नोकऱ्यांचं पोर्टल बघा. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपच्या दोन अटी लोकांना उशिरा कळतात: युरोपातल्या ज्या देशात जायचंय तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही, आणि पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव ८ वर्षांपेक्षा जास्त नको. आधी हिशेब करा, मग गाईड शोधा. विद्यापीठाबाहेरही बघा, खाणकंपन्या, पाण्याच्या तपासणीच्या लॅब, अणुकचऱ्याच्या साठवणुकीचे प्रकल्प, मास स्पेक्ट्रोमीटर बनवणाऱ्या कंपन्या, सगळीकडे हेच कौशल्य लागतं, आणि तिथे गेलेला माणूस "रिसर्चमधून बाहेर पडला" हे म्हणणं मला अजिबात पटत नाही.

पायरी ८: ऑफर आली की उलट प्रश्न विचारा

आनंदात लगेच हो म्हणू नका. मशीनवर मला आठवड्यातले किती दिवस मिळतील ते विचारा. मशीन आलंय की यायचंय ते विचारा, कारण नवीन मल्टीकलेक्टर (अनेक आयसोटोप एकाच वेळी मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर) बसवून त्याचे आकडे स्थिर व्हायला महिनोन् महिने जातात आणि दोन वर्षांच्या पोस्टडॉकमधून ते वजा होतात. बिघडलं तर कोण दुरुस्त करतं, लॅबला कायमचा टेक्निशियन आहे का, तेही विचारा. आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडचं ट्रेनिंग कोण देतं, त्यावर लगेच लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कुठे ठेवलेलं असतं, हे नक्की विचारा. खडक विरघळवायला ते ॲसिड लागतंच, आणि सौम्य असेल तर कातडीवर पडल्यावर लगेच दुखतही नाही, आत शिरून रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं. याचं उत्तर द्यायला जी लॅब चाचरते तिथे कितीही मोठं नाव असलं तरी मी जाणार नाही, आणि माझ्याकडच्या मुलांनाही जाऊ देत नाही. जमलं तर तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्याशी प्रोफेसर नसताना अर्धा तास बोला आणि फक्त एवढं विचारा की गेल्या महिन्यात तू मशीनवर किती दिवस बसलास.