फोटो काढून नोट्स पाठवताय? आधी त्या कानानं ऐकून बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही बघा, मराठी शाळेचा अभ्यासाचा ग्रुप म्हटला की फळ्याचे फोटो, वहीचे फोटो, गाईडच्या पानांचे फोटो. ज्याला नीट दिसतंय त्याचं भागतं. पण एखाद्या पोराला दिसतच नसेल तर त्याच्या फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, बहुतेक वेळा नुसतं "फोटो" एवढंच बोलतो आणि पुढं सरकतो, म्हणजे त्याच्यापुरता तो धडा झालाच नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, सगळ्यांना सोबत घेऊन शिकवा म्हणून त्यात लिहिलंय पण, तरी आपल्या ग्रुपवर जे जातं ते शेवटी आपल्याच हातात असतं की.

तर पहिलं काम. अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा आणि 'सिलेक्ट टू स्पीक' चालू करा. टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये मराठी आवाज डाउनलोड करून ठेवा. आता तुमचीच जुनी फाइल उघडा, तिच्यावर ते चालवा आणि स्क्रीनकडं न बघता ऐका. तिथंच एक 'टॉकबॅक' पण दिसेल, अंध मुलं बहुतेक तेच वापरतात, पण ते चालू केलं की एका टॅपला फोन फक्त बोलतो आणि उघडायला दोनदा टॅप करावं लागतं, त्यामुळं ते बंद कसं करायचं हे आधी बघून ठेवा, नाहीतर फोन हातात घेऊन बसाल.

मग ते फोटो टेक्स्टमध्ये आणायचे. छापील पान असेल तर कॉम्प्युटरवर गूगल ड्राइव्हमध्ये टाका, राइट क्लिक करा, गूगल डॉक्समध्ये उघडा, फोटोच्या खाली मजकूर येतो. जोडाक्षरं आणि रफार मात्र एकदा नजरेखालून घाला. हाताच्या अक्षराचं काही खरं नाही, त्यापेक्षा जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) माइक दाबून मराठीत बोला, टाइप करण्यापेक्षा लवकर होतं.

आता खरी डोकेदुखी, फॉन्ट. डीटीपीवाल्याकडनं करून आणलेली प्रश्नपत्रिका दिसायला एकदम झकास असते, पण ती श्रीलिपी नाहीतर कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टात असली तर आत मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांना मराठीचं रूप दिलेलं असतं, आणि स्क्रीन रीडर ते इंग्रजीच वाचत सुटतो. ओळखायचं कसं? पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठी आलं तर बरं. एबीसीडी आणि चिन्हांची खिचडी आली तर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर आतही मराठीच राहतं त्या पद्धतीत, करून घ्या, आणि पुढच्या वेळी डीटीपीवाल्याला आधीच सांगा, "युनिकोडमध्येच पाहिजे". आणखी एक भानगड म्हणजे युनिकोडमध्ये टाइप केलं तरी पीडीएफ करताना वेलांट्या कधी कधी इकडच्या तिकडं होतात, म्हणून पीडीएफसोबत वर्डची फाइल पण पाठवत जा. वर्डमध्ये शीर्षकाला नुसतं बोल्ड करून सोडू नका, हेडिंग स्टाइल द्या, कारण कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरणारा मुलगा एच दाबून थेट पुढच्या हेडिंगवर जातो. एनव्हीडीए फुकट मिळतं, शाळेच्या कॉम्प्युटरवर टाकून ठेवायला काहीच हरकत नाही.

आपल्याकडं कन्नड पण असतं. एकाच ओळीत मराठी आणि कन्नड दोन्ही आलं की मराठी आवाज कन्नड अक्षरं बऱ्याचदा गाळतो, म्हणून कन्नड शब्द वेगळ्या ओळीवर घ्या आणि वर्डमध्ये तेवढ्या भागाची भाषा कन्नड लावा.

व्हिडिओ करताना बोट दाखवून "ही नदी इथनं निघते आणि तिकडं जाते" असं म्हणू नका, ऐकणाऱ्याला 'इथनं' म्हणजे कुठनं? "मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळ उगम पावते, पूर्वेकडं वाहते आणि कूडलसंगमजवळ कृष्णेला मिळते" असं म्हणा, यात नकाशा न दिसणाऱ्याचंही काम होतं आणि दिसणाऱ्याचंही डोक्यात पक्कं बसतं. ग्रुपवर नकाशा टाकलात तर खाली हेच वाक्य लिहा. ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याच्यासाठी उलटं, व्हॉइस नोट पाठवलात की तेच टाइप करूनही पाठवा, आणि व्हिडिओत तोंडावर उजेड येईल असं बसा, खिडकीला पाठ करून बसलात की ओठ दिसतच नाहीत. सबटायटल टाकलेत तर उत्तम, पण आपोआप आलेले तसेच सोडू नका, वाचून दुरुस्त करा.

रंगाचं थोडक्यात. पांढऱ्यावर पिवळं लिहू नका, वेबच्या नियमावलीत साध्या मजकुराला ४.५ : १ इतका तरी कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, मागितलाय. "लाल रंगातली उत्तरं चूक" एवढ्यावरही थांबू नका, शेजारी 'चूक' असं लिहा, लाल-हिरवा ओळखू न येणारी मुलं असतात.

जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात नेटचे हाल असतात, तिथं मोठा व्हिडिओ डाउनलोड होता होता दिवस जातो. टेक्स्ट फाइल मात्र लगेच उतरते, म्हणजे अंध मुलासाठी केलेली फाइल गावाकडच्या सगळ्यांच्याच उपयोगाला येते.

शेवटी ऑनलाइन टेस्ट. टायमर लावला असेल तर स्क्रीन रीडरनं ऐकून सोडवणाऱ्याला जास्त वेळ द्या, आणि जोड्या लावा, चित्र ओढून जागेवर ठेवा असले प्रश्न त्याला बदलून द्या. किती वेळ लागेल ते अंदाजानं ठरवू नका, आदल्या दिवशी दोन प्रश्नांची खोटी टेस्ट पाठवा आणि त्यालाच विचारा.