या चुका टाळा: गोव्यातील मानसशास्त्रीय सर्वेक्षणात नमुना, वैधता आणि संमती

मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘आता कोणती चाचणी लावू?’ हा असतो. प्रकल्पांना मार्गदर्शन करताना मला वर्षानुवर्षे असे दिसत आले आहे की, आकडेमोडीतील चुका अगदी शेवटच्या आठवड्यातही दुरुस्त करता येतात. परंतु कोणाला विचारले, त्यांना काय समजले आणि नकार देण्याची त्यांना खरोखर मोकळीक होती का, या तीन ठिकाणी राहून गेलेली चूक गठ्ठा हाती आल्यावर सहसा भरून निघत नाही. म्हणून हा मजकूर प्रश्नावली वाटण्यापूर्वी वाचावा. ज्यांनी ती आधीच वाटली आहे, त्यांच्यासाठी शक्य तेथे उपाय सांगितला आहे.

शीर्षकात गोवा, नमुन्यात एक वर्ग

‘गोव्यातील तरुणांमधील ताणतणाव’ असे शीर्षक असते आणि नमुना पाहावा तर 120 जण, तेही बहुतेक एकाच महाविद्यालयातील, व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्म पाठवून मिळालेले. किनाऱ्यावरील शॅकमध्ये हंगामी काम करणारा मुलगा, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार, जहाजावर गेलेला सासष्टी तालुक्याचा तारवटी (खलाशी), बारावीनंतर शिक्षण सुटलेली सत्तरी तालुक्यातील मुलगी हे सगळे गोव्यातील तरुणच आहेत. परंतु त्या गटात त्यांच्यापैकी कोणीही नसतो. अशा वेळी शीर्षक तरी आखडते घ्यावे, नाहीतर नमुना तरी रुंद करावा. विद्यार्थी प्रकल्पासाठी पहिला मार्ग पूर्णपणे सन्मान्य आहे. ‘एका महाविद्यालयातील पदवीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास’ असे म्हणण्यात काहीही कमीपणा नाही.

‘यादृच्छिक’ हा शब्द तर फारच सैल वापरला जातो. म्हापशाच्या बाजारात जो भेटेल त्याला प्रश्नावली देणे म्हणजे यादृच्छिक निवड नव्हे. तो सोयीचा नमुना होय. यादृच्छिक निवडीसाठी आधी यादी लागते आणि त्या यादीतील प्रत्येकाला निवडले जाण्याची ठरलेली, ज्ञात संधी असावी लागते. महाविद्यालयाचा हजेरीपट ही अशी यादी होऊ शकते. त्यातून वर्ष आणि शाखेनुसार गट पाडून चिठ्ठ्या काढल्या, तर तो स्तरित यादृच्छिक नमुना होतो आणि त्याला एका दुपारीपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

दुसरा गैरसमज 384 या आकड्याचा. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या 1970 मधील तक्त्यात मोठ्या लोकसंख्येसमोर हा आकडा दिलेला आहे. 2011 च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या 14,58,545 असल्याने विद्यार्थी तो उचलतात आणि 384 फॉर्म भरले की नमुना प्रातिनिधिक झाला, असे मानतात. तो आकडा साध्या यादृच्छिक निवडीतून एखादे प्रमाण पाच टक्क्यांच्या मर्यादेत अंदाजण्यासाठी आहे; निवडीतला कल तो दूर करत नाही. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने 1936 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे 1 कोटी मतपत्रिका पाठवल्या, त्यांपैकी 20 लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यावरून लँडन जिंकतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत विजयी झाले. पत्ते प्रामुख्याने टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेले होते आणि मंदीच्या काळात या दोन्ही गोष्टी कोणाकडे होत्या हे वेगळे सांगायला नको. शिवाय, दोन गटांच्या सरासरीतील फरक पाहायचा असेल तर हिशेबच निराळा असतो: मध्यम परिणाम (म्हणजे प्रमाण विचलनाच्या निम्मा, 0.5 इतका फरक) 80 टक्के शक्यतेने पकडण्यासाठी प्रत्येक गटात साधारण 64 व्यक्ती पुरतात.

माहिती आधीच गोळा झाली असेल, तर ‘सोयीचा नमुना’ हे शब्द स्पष्ट लिहावेत, किती जणांना विचारले आणि किती जणांनी नकार दिला हेही नोंदवावे, आणि कोण सुटले ते निष्कर्षाच्या प्रकरणात एका परिच्छेदात सांगावे.

‘काळजी’ वाटते, की चिंता?

वैधता म्हणजे जे मोजायचे आहे तेच मोजले जात आहे का, हा प्रश्न. येथे सर्वांत जास्त नुकसान भाषांतराने होते. चिंतेच्या एका प्रश्नावलीतील विधान एका विद्यार्थिनीने ‘मला घरच्यांची काळजी वाटते’ असे मराठीत आणले होते. वाळपईजवळच्या एका आजींसमोर तिने ते वाचले, तेव्हा आजी म्हणाल्या, “माझ्या माणसांची काळजी मला नाही वाटणार, तर कोणाला वाटणार गो?” आणि ‘नेहमी’ या रकान्यावर बोट ठेवले. आजींनी माया सांगितली. कागदावर चिंतेचे पूर्ण गुण पडले. भाषांतर पुन्हा इंग्रजीत करून पडताळले तरी ही चूक सापडत नाही, कारण ‘काळजी’ परत जाताना मूळ शब्दावरच जाऊन बसते. ती सापडते ती फक्त पाच-सहा जणांसमोर बसून, प्रत्येक विधान वाचून, ‘यावरून तुमच्या मनात काय आले?’ असे विचारल्यावर. त्या विद्यार्थिनीने पुढे ‘घरच्यांच्या विचाराने मला रात्री झोप लागत नाही’ असा बदल केला आणि गुणांची विभागणी एकदम पालटली. अर्थात, प्रमाणित चाचणीतील विधान असे बदलले तर तिचे मूळ निकष आणि गुणांच्या सीमारेषा जशाच्या तशा वापरता येत नाहीत, हे लक्षात ठेवले पाहिजे.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. घरी कोंकणी बोलणारे पुष्कळ हिंदू कुटुंबीय वाचन मराठीत करतात. ख्रिस्ती समाजातील अनेकांना देवनागरीपेक्षा रोमी लिपी किंवा इंग्रजी जवळची वाटते. त्यामुळे केवळ मराठीत छापलेली प्रश्नावली नमुना आपोआप गाळून घेते. ज्याच्या मनात काळजीसाठी ‘हुसको’ हा कोंकणी शब्द आहे, त्याला ‘चिंता’ हा शब्द पुस्तकी वाटतो, आणि पुस्तकी प्रश्नाला पुस्तकी उत्तर मिळते.

क्रोनबाख अल्फा 0.85 आला म्हणून प्रश्नावली वैध ठरली, असे लिहिणे ही जवळजवळ प्रत्येक अहवालातील चूक आहे. अल्फा विधानांची आपसांतील सुसंगती सांगतो. मायेची दहा विधाने एकमेकांशी उत्तम जुळतील. पण म्हणून ती चिंता मोजतात असे होत नाही.

प्रयोगवजा प्रकल्पांत काळाचे भान सुटते. दीर्घ श्वसनाचा उपक्रम घेतला, पूर्वचाचणी परीक्षेच्या आठवड्यात आणि उत्तरचाचणी चवथीच्या सुटीनंतर झाली, तर ताण कमी होण्याचे श्रेय श्वसनाला कसे द्यायचे? त्यातही सर्वाधिक गुण असलेल्यांनाच उपक्रमासाठी निवडले असेल, तर दुसऱ्या वेळी त्यांचे गुण काही प्रमाणात आपोआप सरासरीकडे सरकतात. त्याच काळात, त्याच निकषाने निवडलेला, पण उपक्रम न मिळालेला गट ठेवणे हाच यावर उपाय आहे; आणि असा गट ठेवला नसेल, तर ‘परिणाम झाला’ ऐवजी ‘फरक आढळला’ एवढेच लिहावे.

निष्कर्ष दुसरीकडे लागू पडेल का, याबद्दल गोव्यातलेच उदाहरण आहे. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठी डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांचा उपयोग होतो का, हे तपासणाऱ्या ‘मानस’ या अभ्यासात 24 आरोग्य केंद्रे आणि दवाखाने होते. तो 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी केंद्रांत लाभ स्पष्ट दिसला, खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. राज्य एक आणि उपचार तोच असतानाही जागा बदलल्यावर उत्तर बदलले, मग एका वर्गावरून सबंध राज्याविषयी बोलताना किती जपून राहावे लागेल, याचा विचार व्हावा.

संमती आणि लहान गाव

वर्गात शिक्षक उभे असताना वाटलेल्या फॉर्मवरील सही ही संमती नव्हे. शिक्षकांनी बाहेर जावे, आणि कोरा फॉर्मही इतरांसारखाच घडी घालून पेटीत टाकता यावा. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलांची स्वतःची लेखी मान्यता, दोन्ही हव्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 12 ते 18 वर्षांच्या मुलांबाबत तसे सांगितले आहे.

नाव काढून टाकले की गोपनीयता राखली गेली, हा समज मोठ्या शहरात कदाचित निभावेल. आपल्याकडे दोन प्रश्नांत ‘ती कोणाची कोण’ हे उलगडते. काही वर्षांपूर्वी माझ्याच मार्गदर्शनाखालील एका प्रकल्पाच्या सादरीकरणात एका सहभागी बाईचे वय, व्यवसाय, तालुका आणि घरातील व्यसनाचा उल्लेख एकाच वाक्यात आला. मागच्या बाकावरील एका मुलीने मान खाली घातली. ती बाई त्या मुलीच्या शेजारच्या वाड्यावरील होती आणि मुलीने तिला ओळखले होते. मसुदा मी वाचला होता. ते वाक्य माझ्या नजरेखालून गेले होते, ही जबाबदारी माझीच. तेव्हापासून तालुक्याऐवजी ‘ग्रामीण भाग’, नेमक्या वयाऐवजी वयोगट, आणि ओळख पटवू शकणारे दोन तपशील एकत्र येऊ द्यायचे नाहीत, असा नियम मी पाळते.

सर्वांत गंभीर चूक मात्र शेवटी सांगते, कारण ती हातून झाल्याचे कळतही नाही. पीएचक्यू-9 ही नऊ विधानांची नैराश्याची प्रश्नावली विद्यार्थी सर्रास वापरतात. तिचे नववे विधान मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. फॉर्म गोळा होतात, पिशवीत राहतात आणि तीन आठवड्यांनी संगणकात भरताना कोणीतरी तेथे ‘जवळजवळ रोज’ असे लिहिल्याचे दिसते. नाव नसल्याने त्या व्यक्तीपर्यंत पोहोचता येत नाही. प्रश्नावली निनावी ठेवायची की गरज पडल्यास व्यक्तीपर्यंत पोहोचता येईल अशी ठेवायची, हे आधी ठरवून संमतीपत्रात लिहावे. दुसरा पर्याय निवडला, तर नववे विधान त्याच दिवशी तपासावे आणि समुपदेशकाशी आधी बोलून ठेवावे. बांबोळीच्या मनोरुग्णालयाची आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकाची माहिती प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या हाती द्यावी, ज्याने काहीही लिहिले नाही त्याच्याही. यातले काहीच जमणार नसेल, तर ते विधान वगळलेली पीएचक्यू-8 उपलब्ध आहे, ती घ्यावी. आणि फॉर्म आधीच गोळा होऊन पिशवीत पडलेले असतील, तर इतर सर्व कामे बाजूला ठेवून आज संध्याकाळीच प्रत्येक फॉर्मचे नववे विधान वाचून काढावे. एकाही फॉर्मवर तसे उत्तर आढळले, तर मार्गदर्शकांना लगेच कळवावे, आणि नाव नसेल तर दुसऱ्या दिवशी ज्या ज्या गटात फॉर्म वाटले होते, त्या प्रत्येक गटासमोर जाऊन मदत कोठे मिळते ते सर्वांना सांगावे.